अर्ध्यावर राहिलेली कवटी

मी कवटी बोलतेय. हाडांची नाही, लाकडाची. पातळ प्लायवूडचे कापलेले सात थर एकावर एक चिकटवले की मी तयार होते. सगळ्यात मागे काळपट निळं आभाळ, मग मेणबत्त्या, मग झेंडूचे दोन थर, त्यावर खोबणी कापलेला चेहरा, मग कपाळाची वेलबुट्टी आणि पुढे हसरे दात. माझ्या डोळ्यांच्या खोबणीत पाहिलंत, तर आत झेंडूच झेंडू दिसतात.

मला कापून घेतलं रामिरोने. तो मूळचा मेक्सिकोचा, सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लांटमध्ये इंजिनियर होता. बुओना व्हिस्टाजवळच्या एका वर्कशॉपमध्ये त्याने माझे थर कापून घेतले. पण मायदेशी परत जायची वेळ आली आणि रंगवायचं राहून गेलं. म्हणून सुतळीने बांधलेला तो गठ्ठा त्याने मनोहरच्या हातात दिला. मनोहर त्याच्याच प्लांटवर होता आणि त्याला लाकूडकामाची भारी हौस.

कंपनीच्या बसमधून, मनोहरच्या मांडीवर बसून मी बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये आले. दार उघडलं त्याच्या बायकोने, शुभाने. गठ्ठा सुटला आणि ती किंचाळलीच.

"कवटी? घरात? मनोहर, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"अगं, ऐक तर. रामिरोकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेल्या माणसांचा सण असतो. फोटो मांडतात, झेंडू वाहतात, त्या माणसाच्या आवडीचं जेवण ठेवतात. आपण पक्षात पान वाढतो, तसंच की."

"ते त्यांच्याकडे. माझ्या भिंतीवर हे अभद्र लागणार नाही."

त्यांची मुलगी अनुया इथेच शाळेत वाढलेली. ती वाकून बघत म्हणाली, "बाबा, सो क्रीपी लाह! पण कपाळाला पर्पल दे हं."

मग दर रविवारी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं जायचं. मनोहर रंग आधी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर लावून बघायचा. शुभा स्वयंपाकघरात जाता-येता मुद्दाम मान वळवून जायची. तो विचारायचा, "झेंडू कसे वाटतात?"

"मी बघितलेच नाहीत," ती म्हणायची. आणि आतून आवाज यायचा, "पिवळा फार भडक झालाय."

तो हसून त्यात थोडा तपकिरी मिसळायचा. माणसं न बघता किती नीट बघतात, हे मी त्या घरात शिकले.

पाच थर चिकटले. दोन राहिले. त्या दिवशी संध्याकाळी घरी पाहुणे यायचे होते. सकाळी मी अजून टेबलावरच आहे हे पाहून शुभा वैतागली. "ही आज इथून हलली नाही, तर मीच खाली टाकून येईन. घरात असलं आणलं की काहीतरी वाईट होतं."

गळ्यात पास अडकवत मनोहर म्हणाला, "टाक ना. पण मला दोन थर लावू दे, मग टाक." आणि तो गेला.

शुभाचा चहा संपायच्या आत फोन वाजला. मी समोरच होते. ती उभ्या उभ्या ऐकत होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "नाही, तो बसमध्ये असेल. तुम्ही बसमध्ये बघा ना. तो आत्ताच तर गेलाय."

मनोहर बसस्टॉपवरच कोसळला होता. हॉस्पिटलपर्यंत तो पोचलाच नाही.

तुम्हाला वाटेल, मी कवटी, मला मरणाचं काय नवल? पण मला मरण माहीतच नव्हतं. मला ठाऊक होते ते रंग आणि रविवार. माझ्यावरचा गोंद पुरता वाळलाही नव्हता, आणि तो लावणारा हात नव्हता. मी पाच थरांची, बिनदातांची, सुन्न होऊन छताकडे बघत पडून राहिले.

शुभाही तशीच सुन्न. ती रडली नाही. पुण्याहून माणसं आली, तिला जवळ घेऊन रडली आणि परत गेली. ती तिघांचा भात लावत राहिली. अनुयाने एकदा हळूच एक वाटी तांदूळ काढून ठेवले, तर तिने ते पुन्हा पातेल्यात ओतले. मला तिने स्टोअररूममध्ये बॅगांच्या मागे सरकवलं आणि जाड लोखंडी दार लावून टाकलं.

काही महिन्यांनी ते दार अनुयाने उघडलं. मला पुसून तिने टेबलावर ठेवलं. "आय जस्ट वॉन्ट टू फिनिश इट, आई."

शुभाचा चेहरा पांढराफटक पडला. "कुणी काढलं हिला? हिला घरात आणलं आणि… मी बोलले होते, अनुया! मी त्याच सकाळी बोलले होते!"

तिने मला उचललं, सुटे थर उचलले आणि लिफ्टजवळ नेऊन ठेवलं. मागे वळूनही पाहिलं नाही.

मला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळाने दोन सुरकुतलेले हात आले. त्याच मजल्यावरच्या मादाम लिम; रविवारी दारावरून जाताना त्यांनी मनोहरला मला रंगवताना पाहिलं होतं. त्यांनी मला छातीशी धरलं आणि थेट शुभाची बेल वाजवली.

"धिस वन युअर हजबंड मेक, आह? व्हाय थ्रो?"

शुभा दार लावायला लागली. मादाम लिम मात्र दारातून हलल्या नाहीत. मोडक्या इंग्रजीत, थांबत थांबत त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून मीही थिजले. त्या सकाळी त्या बाजारातून परत येत होत्या. मनोहर पडला तेव्हा त्या दोन पावलांवर होत्या. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्याच्या तोंडावर ऊन नको म्हणून छत्री धरून, त्याचा हात हातात घेऊन त्या फुटपाथवर बसल्या होत्या. नंतर सांगायला आल्या, तर शुभाचं दार नेहमी बंद. बेल वाजवायचा धीर झाला नाही.

"यू वेअर देअर?" शुभाने दारावरचा हात काढला. "ही… ही वॉज नॉट अलोन?"

"नॉट अलोन. ही टेल मी, सॉरी आंटी, आय ट्रबल यू."

"सॉरी म्हणाला?" शुभा मराठीतच म्हणाली. "मरताना? लोकांना त्रास नको म्हणून?" ती उंबऱ्यावरच खाली बसली. "वेडा आहे गं हा… अगदी वेडा…" आणि मग तिच्या आतून जो हंबरडा फुटला, तसा आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. मादाम लिम मला एका हाताने आणि तिला दुसऱ्या हाताने धरून बसल्या.

त्याच दुपारी रंगाच्या बाटल्या बाहेर आल्या. शुभाने ब्रश गरम पाण्यात भिजवून मऊ केला. कपाळाची वेलबुट्टी अनुयाने रंगवली, जांभळी. दात शुभाने रंगवले. चिकटवताना तिच्याकडून गोंद फार पडला, दातांचा थर घसरला आणि माझं हसू एका बाजूला कललं.

"आई, वाकडं झालं."

"होऊ दे," शुभा म्हणाली. "हात काढू नकोस. धरून ठेव."

दोघींनी मला दोन्हीकडून घट्ट दाबून धरलं, गोंद पकडेपर्यंत.

आता मी त्यांच्या हॉलमध्ये असते, मनोहरच्या फोटोशेजारी. घरी येणारी माणसं मला बघतात, गोंधळतात आणि घाईघाईने हवापाण्याचं, एमआरटी ट्रेनच्या गर्दीचं बोलू लागतात. त्यांना वाटतं, विषय काढला तर शुभाला वाईट वाटेल. पण मी रोज तिच्यासमोर असते, मला ठाऊक आहे. ती वाट बघत असते, कुणीतरी विचारेल म्हणून.

तुम्ही कधी बुकित पंजांगला या घरी आलात, तर एवढं करा. चहा घ्या, माझ्याकडे बोट दाखवा आणि विचारा, "ही कुणी केली?"