निळ्या पट्टीचा पिंजरा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी हेमलताने पिंजऱ्याचं झाकण उघडलं, आत हात घातला आणि चाचणी मोडली. चाचणी संपायला अजून चार मिनिटं होती.

पलीकडच्या टेबलावर बसलेल्या धर्मेंद्रने मान वर केली.

"काय झालं?"

"पुरत होती ती त्याला."

"कोण? कोणाला?"

तिने हात पुढे केला. हातमोज्यावर वालाच्या दाण्याएवढं गुलाबी पिल्लू पडलं होतं. डोळे मिटलेले, अंगाला भुशाचे कण चिकटलेले. ते गरम होतं. मागचा एक पाय हलवत होतं.

धर्मेंद्रने पिल्लाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"सातवा महिना लागला की रजा घे, असं सांगत होतो," तो म्हणाला. "आता उंदरांचीही सुईण झालीस."

ती हसली नाही. तिने पिल्लू इतर पिल्लांजवळ ठेवलं, झाकण लावलं आणि हातमोजा काढायला बराच वेळ घेतला.

जळगावातल्या एका फार्मसी कॉलेजच्या मागच्या इमारतीत हे काम दीड वर्षापासून चाललं होतं. पिंजऱ्यांमध्ये नुकत्याच व्यालेल्या उंदरिणी होत्या. त्यांतल्या निम्म्यांच्या शरीरात एक जनुक मुद्दाम बंद केलेला होता. तो जनुक बिघडलेल्या बायकांचं बाळंतपणानंतर डोकं फिरू शकतं, असा संशोधकांचा संशय होता. कोणत्या उंदरिणीत तो बंद आहे, हे हेमलतालाही माहीत नव्हतं आणि धर्मेंद्रलाही. पिंजऱ्यांवर रंगीत पट्ट्या होत्या आणि पट्ट्यांचा अर्थ फक्त त्यांच्या गाईड कोकिळा मॅडमना ठाऊक होता. मोजणाऱ्याला आधीच कळलं, तर तो हवं तेच बघतो, असं मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या.

चाचणी साधी होती. आईला बाजूला काढायचं, तीन पिल्लं घरट्यातून उचलून तीन कोपऱ्यांत ठेवायची आणि आईला परत सोडायचं. एकेक पिल्लू तोंडात धरून घरट्यात आणायला तिला किती वेळ लागतो, ते बघायचं. बहुतेक आया घाईघाईने तिन्ही आणून टाकत. काही नुसत्या फिरत राहत.

निळ्या पट्टीच्या उंदरिणीने एकही पिल्लू आणलं नाही. तिने तिन्ही हुंगली. मग घरट्यात जाऊन कागदाच्या पट्ट्या आणि भुसा तोंडात धरला, सर्वांत लांबच्या कोपऱ्यात नेला आणि तिथल्या पिल्लावर टाकला. परत गेली, परत आणला. पिल्लू दिसेनासं झालं, तेव्हा हेमलताचा हात पिंजऱ्यात होता.

जेवणाआधी दोघांनी चित्रण पुन्हा बघितलं.

"घरटं करतेय," धर्मेंद्र म्हणाला. "पिल्लाला घराकडे न्यायचं, तर ही घरच पिल्लाकडे नेतेय. डोकेबाज आहे."

"तोंडही झाकलं, बघ."

"त्यांना तोंड काय आणि शेपूट काय? सगळंच झाकतात त्या. पिल्लाला ऊब लागते."

"भीती वाटते त्या वस्तूवरही उंदीर असाच भुसा लोटतात. गेल्या वर्षी काचेच्या गोट्या ठेवून आपणच मोजलंय ते."

पडद्यावर हेमलताचा हात आला, पिल्लू गेलं. उंदरीण भुशाच्या त्या ढिगाऱ्यात तोंड खुपसून उकरत राहिली.

"थांबायचं होतंस," धर्मेंद्र हळू आवाजात म्हणाला. "जाऊन वर बसली असती, तर घरटं. पाठ फिरवली असती, तर पुरलं. आता कोण सांगणार?"

तेवढ्यात हेमलताचा फोन वाजला. धुळ्याहून सासूबाई होत्या, कुंदाबाई. तेजसशी तिचं लग्न कॉलेजातच जमलं होतं. धुळ्याच्या त्या घरात तिचं कौतुक होतं आणि तिच्या माहेराची फारशी माहिती नव्हती.

"पहिलं मायघरच करतस, ते माले म्हाईत शे, बेटा," कुंदाबाई म्हणाल्या. "पन तुनी मायनी तब्येत नाजूक शे ना? आठे बठ्ठं तयार शे. दवाखाना घरना समोर शे. रविवारपावत सांग, म्हंजे मी खोली रंगाडी ठेवसू."

"बाळंतपणाला तिकडे यायचं का, ते रविवारपर्यंत सांगते, आई," हेमलता म्हणाली.

जळगावजवळच्या असोद्याला तिची आई बेबाबाई याच उत्तराची वाट बघत होती. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे तिने पाचव्या महिन्यातच सांगून टाकलं होतं. एरवी ती कशाचाच हट्ट धरत नसे.

हेमलताला स्वतःच्या लहानपणाची एक गोष्ट माहीत होती. ती आईने कधी सांगितली नव्हती, लताआत्या सांगायची. हेमलताच्या जन्मानंतर बेबाबाईचा सव्वा महिनाही पुरा झाला नव्हता. एका दुपारी ती बाळ घेऊन घरातून निघाली, ते कोणाला कळलं नाही. शोधाशोध झाली. आत्याला बाळ केळीच्या बागेत मिळालं. गाव म्हणालं, बाहेरचं झालं. आधी भगत आला, मग धुळ्याचे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. वर्षभराने बेबाबाई पूर्वीसारखी झाली. पुन्हा तसं काही घडलं नाही, पण दुसरं मूलही झालं नाही. गावात कोणाचं बारसं असलं की ती सगळ्यांत आधी जायची, मागच्या दारी चुलीजवळ बसायची आणि पुऱ्या तळून घरी यायची. तिच्या मांडीवर कोणाचं मूल हेमलताने पाहिलं नव्हतं.

हाच विषय का घेतला, असं मुलाखतीत विचारलं होतं, तेव्हा या विषयात कामाला वाव आहे, असं ती म्हणाली होती.

बुधवारी कॉलेज सुटल्यावर ती रिक्षा करून मेहरूणला आत्याकडे गेली. लताबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या.

"ये माय, ये. बस. किती सुकली तू! उंदरं खातेत का तुहा डबा?"

चहा झाला. हेमलताने गोष्ट काढली. लताबाईंना ती सांगायला आवडायचीच. मी नसती त तू नसती, हे वाक्य त्यात दोनदा यायचं. ते येऊन गेल्यावर हेमलताने विचारलं,

"माझ्या अंगावर काय होतं, आत्या?"

"अंगावर? झबलं."

"झबल्यावर?"

लताबाईंनी सोललेली पाकळी वाटीत टाकली.

"केयीचे सुके पानं व्हते. टाकेल व्हते वरून."

"तोंडावरही?"

लसणाचा गड्डा हातातच राहिला.

"मी काय बघत बसली व्हती का? झडप घातली आन् उचललं."

"आई कुठे होती?"

"तिथीच व्हती. तिच्या हातात आजून पानं व्हते." लताबाईंनी वाटी बाजूला सारली. "तुले घेतलं आन् मी अशी पळाली, मागं वळून बघतलं नही."

"मी रडत होते?"

"नही. झोपेल व्हती. गरम व्हती, भाकरीसारखी." मग त्या एकदम चिडल्या. "काहून इचारू राहिली आता हे? इतक्या वर्षांत कोनी इचारलं नही. तू सासरी जाय बाळंतपनाले. मी सांगतलं म्हनून नको सांगू, पन जाय."

पिंप्राळ्याला घरी परतताना हेमलताने ओढणी छातीशी घट्ट धरली होती. पोटात बाळ फिरलं. तिने हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मग रिक्षावाल्याच्या आरशात स्वतःचा चेहरा बघत राहिली.

शुक्रवारी मॅडमनी निळ्या पट्टीचं चित्रण बघायला मागून घेतलं. दोन मोजणाऱ्यांचं जमत नसेल, तर तिसऱ्याने बघायचं, असा नियम होता. अर्धवट मोडलेल्या चाचणीचं काय करायचं, याचा नियम नव्हता. मॅडम रागावल्या नाहीत.

"तुझ्या जागी मीही हात घातला असता," त्या म्हणाल्या. "म्हणूनच मी पिंजऱ्यापाशी बसत नाही."

शनिवारी रात्रीच्या जेवणानंतर तिने तेजसला सांगितलं की बाळंतपणाला धुळ्याला जाऊया. तेजस म्हणाला, बरं. त्याने कारण विचारलं नाही. आपली आई थोडी अबोल आहे, एवढंच तिने त्याला आजवर सांगितलं होतं. रविवारी असोद्याला जाऊन ती हे घरी सांगणार होती. समोर बसूनच सांगायला हवं होतं.

दुपारी तीनला ती घरात शिरली, तेव्हा वडील माजघरात स्टुलावर बसून स्क्रू पिळत होते. चुडामणभाऊंनी मान वळवली.

"आली का? बस. तुह्या मायनं सकायपासून मले सुतार केलेलं हाये. मजुरी देत नही, वरून चहाही थंडा."

बेबाबाई त्यांच्या बाजूला उभी होती. तळहातावर चार स्क्रू. लेकीला पाहून ती हसली आणि हात तसाच पुढे धरून राहिली.

माजघर बदललं होतं. भिंतीलगत बाज टाकलेली, खाली शेगडीसाठी जागा मोकळी केलेली. जुन्या सुती लुगड्यांच्या दुपट्यांची चळत. डिंक, खारीक, आळीव, सगळं डब्यांत भरून फळीवर. छताच्या कडीला पाळण्याची दोरी बांधून झाली होती. हेमलताला बोलायचं होतं ते तिने थोडं पुढे ढकललं.

चुडामणभाऊ जिथे स्क्रू पिळत होते, ते आतल्या कोठीचं दार होतं. कोठीत एरवी धान्याची पोती असत. आता पोती नव्हती. आत गादी, उशी, पाण्याचा तांब्या. कोयंडा नवा होता आणि तो बाहेरच्या बाजूने बसत होता.

"दाराला कडी कशाला?" हेमलताने विचारलं.

"माह्यासाठी," बेबाबाई म्हणाली.

चुडामणभाऊ खाली बघून स्क्रू पिळत राहिले.

"दिवसा मी सगळं करीन. तुही आंघोय, शेक, खानंपिनं. पोराले लताबाई हात लावीन. रात्री ते तुह्याजवळ झोपीन आन् मी आत. बाहेरून कडी घालायची." तिने हे बाजाराची यादी सांगावी तसं सांगितलं. "लताबाईले मी ईचारलं नही आजून. पन ते येईन. माह्यावर नजर ठेवाले ते कव्हाही येते."

हेमलता बाजेवर बसली. धुळ्याचं वाक्य तिने रिक्षात तीनदा जुळवलं होतं. त्याऐवजी दुसरंच तोंडातून निघालं.

"माझं तोंड का झाकलं होतंस?"

स्क्रू पिळण्याचा आवाज थांबला.

बेबाबाईने उरलेले स्क्रू नवऱ्याच्या खिशात टाकले. पदराला हात पुसले. बाजेच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली, मध्ये हातभर जागा ठेवून.

"तुह्या डोयावर ऊन येत व्हतं," ती म्हणाली. "असं मले वाटते. पन ते मले तव्हाच वाटलं, का मागून मीच ठरवलं, ते नही सांगता येत."

"बेबा," चुडामणभाऊ म्हणाले.

"इचारू द्या तिले. कोनीतरी इचारलं." ती लेकीकडे बघत नव्हती, दोरीकडे बघत होती. "लताबाईनं उचललं ते बरं झालं. मी कव्हाच तिले वाईट नही म्हनलं. पन तिनं उचललं नसतं, त मी पुढं काय केलं असतं? पान बाजूले केलं असतं, का आजून एक टाकलं असतं? हातात व्हतं ना पान. इतके वर्षं झाले, ते पान माह्या हातातच हाये."

बाहेर कोणीतरी मोटरसायकल चालू केली.

बाजेवर ठेवलेला हेमलताचा फोन थरथरला. पडद्यावर धुळ्याच्या सासूबाईंचं नाव होतं. बेबाबाईने ते वाचलं.

"घे ना फोन. काय सांगशील ते सांग. मी रागावनार नही." तिने फोन लेकीकडे सरकवला. "फक्त मी बरी झाली म्हनून मले मोकळी ठेवू नका. काही व्हनार नही म्हनूनही नका ठेवू. कडी घालून ठेवा. तसं असलं तरच ये."

फोन वाजून बंद झाला.

चुडामणभाऊंनी शेवटचा स्क्रू बसवला, कडी पुढेमागे सरकवून पाहिली, स्टूल उचललं आणि ते अंगणात गेले.

बेबाबाई उठली. कोठीत गेली. आतून दार ओढून घेतलं. फटीतून तिच्या लुगड्याचा हिरवा काठ थोडा वेळ दिसला, मग तोही दिसेना.

"लावून बघ," आतून आवाज आला. "तुले जमते का ते बघ."

हेमलता पोटाला आधार देत उठली. दारापाशी गेली. नवी कडी अजून वडिलांच्या हाताच्या उबेने कोमट होती.

रविवारी दुपारी साडेचारपर्यंत ती कडी लागलेली नव्हती. हेमलताचा हात कडीवर होता आणि आत बेबाबाई वाट बघत होती.