सव्वादोन लिटर डिझेल

साहेब, ती गाडी तुम्ही पळवली. चोरली म्हणत नाही, चोराला सही करावी लागत नाही. तुम्ही सही केली, शिक्का मारला आणि उंबरटोलीसाठी आलेली गाडी स्वतःच्या बंगल्यासमोर लावली. कागदावर कारण काय, तर आमचा रस्ता चांगला आहे.

रस्ता चांगला होता, खरं आहे. एकच दिवस होता. तो कसा झाला ते सांगतो. त्यात माझीही चूक आहे आणि मी ती लपवत नाही.

उंबरटोली म्हणजे आष्टीच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून, आम्हा गोंडांची एकवीस घरं. डांबर संपलं की चार किलोमीटर कच्ची वाट, मध्ये खडक्या नाला. दोन वर्षांपूर्वी पाऊसकाळात माझी वहिनी रुपा बाळंतपणाला निघाली, तेव्हा ट्रॅक्टर मीच चालवत होतो. मागं ट्रॉलीत गादी टाकून वहिनी, तिच्या उशाशी माझा भाऊ कवडू आणि आम्हा दोघांना वाढवणारी मोठी माय, भागाबाई. ट्रॅक्टर नाल्यातून पार झाला. ट्रॅक्टरला काहीच झालं नाही. लेकरू मात्र पलीकडच्या चढावर ट्रॉलीतच झालं आणि दवाखाना यायच्या आत गेलं.

मग आम्ही अर्ज केले. सहावा अर्ज गेल्यावर तुमचं पत्र आलं. चारही चाकं ओढणारी एक मोठी गाडी तालुक्याला आली आहे, आत रोग्याला झोपवायची सोय आहे, उंबरटोलीला तिची गरज आहे की नाही हे चाचणी घेऊन ठरवू. तारीख होळीनंतरची. वहिनीला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते, चौथा महिना होता.

चाचणीच्या आधीच्या बाजाराला मी ट्रॅक्टरचा पट्टा बदलायला आष्टीत रत्नदीपच्या गॅरेजवर गेलो होतो. रत्नदीप इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस. समोर तीच गाडी उभी होती. तिचा ड्रायव्हर गोपाल चहा पीत होता, आणि बाजाराला आलेली दहा-बारा माणसं गाडीला बैलासारखी चारी बाजूंनी पाहत होती. चाकं कमरेला लागत होती. गोपाल सांगत होता, मांडीएवढं पाणी कापते, एक चाक खड्ड्यात लटकलं तरी बाकीची तीन ओढून काढतात, आणि मोठ्या गिअरशेजारचा छोटा लिव्हर खाली घेतला की चढ कसलाही असो, मुंगीच्या चालीनं पण चढतेच.

कोणी म्हणालं, एवढं धूड कशाला, जुनी जीप लिटरला चौदा किलोमीटर देते. कोणी म्हणालं, जीप नाल्यात बसल्यावर चौदा काय चाटायचं? रत्नदीपनं बोनेट उघडलं, आत पाहिलं, बंद केलं.

"गोपालभाऊ, ॲव्हरेज सांगा. बाकी कवतिक मंग."

गोपाल म्हणाला, डांबरावर दहा, कच्च्यात सात, आणि चारही चाकं जोडून खालच्या गिअरात घातली तर चार.

"चार? डिझेल पिते का आंघोळ करते?"

सगळे हसले. मीही हसलो. रत्नदीप माझ्याकडं वळून म्हणाला की सायेब लोकाईले वर जाब द्या लागते, अशी पिणारी गाडी ते टोलीला देणार नाहीत. आणि ट्रॅक्टर तर चिखलाला भीत नाही, मग तुम्हाला ही कशाला पाहिजे?

मी म्हणालो, "ट्रॅक्टर नाला उतरते, रत्नदीपभाऊ. ट्रॉलीतलं माणूस नाई उतरत."

त्याला आमच्या घरचं माहीत होतं. त्यानं हातातला पाना पुसून ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "मंग एकच कर. त्या दिवशी गाडीनं कमी पिलं पाह्यजे."

गोपालनं मोजायची रीत सांगितली. निघताना टाकी काठोकाठ भरायची, परत आल्यावर पुन्हा काठोकाठ. जेवढं मावलं तेवढं पिली. आणखी एक सांगितलं, की फॉर्मावर छोटा लिव्हर किती वेळा वापरला तेही लिहावं लागतं. ते मी ऐकलं. पण माझ्या डोक्यात एकच घुसलं होतं, कमी पिलं पाहिजे. गाडी पिणारी ठरली तर गेली, कमी पिणारी ठरली तर आपली. साहेब, तुमच्यासारखा विचार करायला गेलो, तिथंच फसलो.

घरी येऊन भागाबाईला सांगितलं, चाचणीआधी वाट नीट करू. तिला माझ्या डिझेलच्या हिशोबाची गरजच नव्हती. आमच्या टोलीत सोयरे यायचे असले की घरटी एक माणूस फावडं घेऊन वाटेवर जातो. पाहुण्याच्या बैलबंडीला गचका बसला तर बोल टोलीला लागतो. तीन दिवस एकवीस घरं राबली. उतारावरच्या गुडघाभर चाकोऱ्या मुरमानं भरल्या. नाल्यातले धोंडे लोखंडी सब्बलीनं बाजूला लोटले, पाण्यात चपटे दगड लावून फरशी केली. वहिनीनं टोपलं उचललं, तर भागाबाईनं ते तिच्या हातातून काढून घेतलं.

तुम्ही आलात. पुढच्या सीटवर बसून मोबाइलवर बोलत होतात आणि बोलता बोलताच नाला पार झालात. गोपालचा हात छोट्या लिव्हरकडं गेलाच नाही. जायची गरजच नव्हती. त्यानं खिडकीतून माझ्याकडं पाहिलं, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

टोलीत उतरून तुम्ही म्हणालात, रोड तर मस्त आहे.

भागाबाई पदर सावरून म्हणाली, "तुमच्यासाठीच केला, सायेब. तीन दिस लागले."

तुम्ही ऐकलंत. हसलात. लिंबूपाणी प्यायलात. आणि महिन्याभरानं अहवाल आला: "जाण्या-येण्यास एकूण इंधन सव्वादोन लिटर. चारही चाके जोडण्याची आवश्यकता भासली नाही. मार्ग सर्वसाधारण वाहनास योग्य असल्याने मोठ्या वाहनाचा इंधनखर्च समर्थनीय नाही."

मी तो कागद भागाबाईला दोनदा वाचून दाखवला. तिनं विचारलं, "मी सांगतलं होतं ना त्याले?"

डिझेल जपून वापरावं हे मला शिकवू नका. मी रोहणा गावच्या अण्णाजींचा ट्रॅक्टर चालवतो, रोज काडी बुडवून टाकी पाहतो. पण मोजायचं ते कशानं भागून मोजायचं, हा विचार मी या पाऊसकाळात पुष्कळ केला. चारचा ॲव्हरेज देऊन एक बाई झोपल्या जागेवरून न हलता नाला पार झाली, तर ते डिझेल जास्त गेलं का? आणि दहाचा ॲव्हरेज देऊन तुम्ही एकटे डांबरावरून वर्ध्याला बैठकीला गेलात, तर ते कमी गेलं का? तुमच्या फॉर्मावर हे लिहायला रकाना नाही. गोपाल परवा बाजारात भेटला. म्हणाला, त्या छोट्या लिव्हरवरची कंपनीची प्लास्टिकची पिशवी अजून निघालेली नाही.

आमची फरशी नाल्यानं आषाढातच नेली. चाकोऱ्या पुन्हा गुडघाभर झाल्या. तुमचं सर्वसाधारण वाहन मागच्या आठवड्यात एकदा आलं, डांबर संपतं तिथं थांबलं, हॉर्न वाजवला आणि परत गेलं. वहिनीला नववा लागला आहे. पोळ्याच्या आसपासची तारीख दिली आहे. कवडू म्हणाला, आष्टीत खोली घेऊन राहू. तेवढं तो करेलही. पण वहिनी चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, "गाडी माह्या नावानं मांगतली होती. मी काऊन घर सोडू?"

काल आम्ही बसून ठराव केला: चाचणी पुन्हा घ्यावी, आता, पाण्यात. सगळ्यांचे अंगठे-सह्या झाल्या. भागाबाई राहिली. तिची अडचण मला कळत होती. पाहुणा येणार आणि वाट तशीच ठेवायची, हे तिनं आयुष्यात केलं नव्हतं. तिनं दाराआड टेकून ठेवलेल्या फावड्याकडं पाहिलं. मग अंगठा पुढं करून म्हणाली, "येऊ दे सायेबाले. फावडं घरातच राहीन."

तर साहेब, या. टाकी काठोकाठ भरून या. यावेळी पुढं बसू नका, मागं रोग्याच्या जागी झोपा. गोपालला लिव्हरवरची पिशवी काढू द्या. नाला पार झाल्यावर किती लिटर गेलं ते मोजा आणि आमच्या रस्त्याबद्दल काय लिहायचं ते तिथंच, आमच्यासमोर लिहा.

पोळ्याला सोळा दिवस राहिले आहेत. तुम्ही कोणत्या दिवशी येता? तारीख लेखी कळवा.