एकच उपप्रश्न

आमच्या दादाला लहानपणी सगळे भोंगा म्हणायचे. तो गल्लीच्या या टोकाला बोलायला लागला की त्या टोकाची कुत्री उठून बसायची. मोठेपणी आमदार झाला तेव्हा आई म्हणाली, चला, ओरडायला हक्काची जागा मिळाली एकदाची.

मी त्याचं ऑफिस सांभाळते. म्हणजे आलेल्या माणसांना बसवायचं, त्यांचं नीट ऐकून घ्यायचं, दादा ऐकण्याच्या मनःस्थितीत असेल तेव्हा त्याच्या कानावर घालायचं, आणि तो विसरला की त्याच्या डोक्यावर बसायचं. धाकट्या बहिणीला पगार देऊन स्वतःच्या डोक्यावर बसवून घेणारा माणूस शहाणा की वेडा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

साथ ओसरली, अधिवेशनाची तारीख लागली आणि आमच्या बाई ऑफिसात आल्या. बाई म्हणजे चौथीत आम्हा दोघांना शिकवणाऱ्या बाई. मला प्रेमाने शिकवलं, दादाला कान धरून. त्यांचे मिस्टर पोस्टात होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. साथीच्या ऐन भरात दोघंही आजारी पडले. बाईंना एका शाळेत नेऊन ठेवलं, काकांना मोठ्या इस्पितळात. बाई बऱ्या होऊन घरी आल्या तेव्हा काका नव्हते. गेल्याचा फोन तेवढा आला होता. त्या दिवसांत नियमच होता, मृतदेह घरच्यांना द्यायचा नाही, सगळं सरकारच उरकणार. एक वेळ तेही समजू शकतं, रोगच तसा होता. पण नेलं कुठे, ते कुणी सांगेना. इस्पितळ म्हणे पालिकेला विचारा, पालिका म्हणे खात्याला विचारा, आणि खातं म्हणे माहिती गोळा करणं चालू आहे.

"मला कुणाशी भांडायचं नाही," बाई म्हणाल्या. "कुणाला शिक्षाही नकोय. ते कुठे आहेत तेवढं मला सांगा. नक्की जागा नाही तर निदान दिशा सांगा. माणूस जन्मभर दुसऱ्यांचे पत्ते वाचत बसला, आणि आज त्याचाच पत्ता लागत नाही. हे मला नाही सहन होत, बाळा."

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, मी त्याला ओळखते. खोटं रडताना तो आधी चष्मा काढतो. त्याने त्याच दिवशी विधानसभेत प्रश्न लावला. सरकारचं लेखी उत्तर आलं: मृतदेहांची विल्हेवाट मार्गदर्शक सूचनांनुसार सन्मानपूर्वक लावण्यात आली आहे, पुढील तपशिलाचा प्रश्न उद्भवत नाही. विल्हेवाट म्हणे. लिहिणाऱ्याच्या हाताला काही वाटलं नाही का, असं मी बोलले, आणि ते उत्तर बाईंना वाचून दाखवताना तो शब्द गाळला.

लेखी उत्तरात सरकार असंच निसटतं. पण प्रश्न सभागृहात पुकारला गेला की आमदाराला उभं राहून उपप्रश्न विचारता येतो, आणि मंत्र्याला त्याचं उत्तर तोंडी, तिथल्या तिथे द्यावं लागतं. तिथे धडधडीत खोटं बोलणं महागात पडतं. एरवी दोन-चार उपप्रश्न मिळतात. या वेळी साथीमुळे अधिवेशन आखडतं घेतलेलं, म्हणून एका प्रश्नाला एकच. शिवाय एकदा सभागृहात येऊन गेलेला विषय सहा महिने पुन्हा काढता येत नाही. थोडक्यात, एकच घास, तो नीट चावायचा.

सकाळी गाडीत मी दादाला बजावलं. "उभा राहा, आणि विचार. मृतदेह कुठे नेले, ती ठिकाणं मंत्री आत्ता सांगतील का. बस. त्याच्या पुढेमागे काही नको."

"अगं, मी काय आज पहिल्यांदा उभा राहतोय का?"

"तेच तर भय आहे," मी म्हटलं.

बाई मागच्या सीटवर होत्या. ठेवणीतली साडी नेसल्या होत्या, मास्क इस्त्री केल्यासारखा चापूनचोपून लावलेला.

आम्ही दोघी वर प्रेक्षकांच्या गॅलरीत बसलो, मध्ये एक खुर्ची सोडून. खाली सभागृह अर्धं रिकामं होतं, एकाआड एक बाक मोकळा. रिकाम्या जागी आवाज जास्त घुमतो, आणि दादाला असा घुमणारा आवाज मिळाला की त्याचं काय होतं ते मला ठाऊक असायला हवं होतं. प्रश्न पुकारला गेला. मंत्र्यांनी छापील उत्तर वाचलं. दादा उठला, कोट सारखा केला. सुरुवात चांगली झाली.

"अध्यक्ष महोदय, हा प्रश्न एका शिक्षिकेचा आहे," तो म्हणाला. सभागृह गप्प झालं. मी बाईंच्या हातावर हात ठेवायला गेले आणि मधली रिकामी खुर्ची आठवून मागे घेतला.

तेवढ्यात समोरच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "साथ चालू होती तेव्हा तुम्ही कुठे होता?"

झालं. आमच्या दादाला डिवचलं की संपलं. तो वळला. "मी कुठे होतो ते सांगतो ना. मी घरात बसून मंत्रिमहोदयांचा व्हिडिओ बघत होतो."

आता तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला. साथ ऐन भरात असताना आरोग्यमंत्री आपल्या बंगल्यात व्यायामाची सायकल मारत जनतेला धीर देत होते. घाम पुसत पुसत.

"काय ती सायकल," दादा म्हणाला. "सकाळी बघावं तर मंत्री सायकलवर. संध्याकाळी बघावं तर सायकलवर. आमची म्हातारी माणसं खिडकीत येऊन बसायची, म्हणायची, बघा हो, एवढ्या जोरात निघालेत म्हणजे आपल्याकडेच येत असणार. कुणी पाणी भरून ठेवलं, कुणी दार उघडं ठेवलं. आठवडा गेला, दोन गेले. मग एका नातवाने सांगितलं, आजोबा, ती सायकल जागची हलत नाही. तेव्हा अध्यक्ष महोदय, माझा सरळ प्रश्न आहे, एवढी सायकल मारून मंत्रिमहोदय पोचले कुठे?"

बाकं वाजायला लागली. आमच्या बाजूची वाजली, मग सरकारी बाजूचीही. पत्रकार हसत होते, दारावरचा शिपाई तोंड फिरवून हसत होता. मीसुद्धा हसले. कशाला लपवू, माझ्या भावाने मैदान मारलं होतं आणि माझी छाती फुगली होती.

मंत्री हसत हसत उठले. "सन्माननीय सदस्यांनी माझ्या तब्येतीची काळजी केली, मी आभारी आहे. सायकल माझी स्वतःची आहे. पोचायचं म्हणाल, तर वजन दहा किलोनी खाली पोचलं." पुन्हा हशा झाला.

"पुढचा प्रश्न," अध्यक्ष म्हणाले.

दादा उभाच होता. "अध्यक्ष महोदय, माझा मूळ मुद्दा राहिला. मला विचारायचं आहे की..."

"आपला उपप्रश्न झाला. मंत्र्यांनी उत्तर दिलं. बसा."

"तो नुसता..."

"आपणच म्हणालात, माझा सरळ प्रश्न आहे म्हणून. बसा आता. पुढचा प्रश्न."

दादा खाली बसला. मी वरून त्याची मान बघत होते. ती आधी लाल झाली, मग पांढरी पडली. एवढ्या वर्षांत त्याने शेकडो भाषणं केली असतील, आणि सवय अशी की विनोदाचा शेवट प्रश्नाने करायचा, म्हणजे टाळी हमखास. ती सवय आज नडली. बाजूला बाई सरळ बसल्या होत्या. मास्कच्या वर त्यांचे डोळे दिसत होते, पण त्या डोळ्यांत बघायची माझी हिंमत झाली नाही.

आम्ही खाली आलो. दादाला शोधत उपाहारगृहाच्या दारापर्यंत गेलो. बाहेरच्या माणसांना ठाऊक नसतं, पण तिथली रीतच आहे, सभागृहात एकमेकांची सालटी काढायची आणि बाहेर येऊन एकाच किटलीतला चहा घ्यायचा. मला त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं. माणसाने भांडण घरी नेऊ नये, असं मीच लोकांना सांगत आले. दादा टेबलाशी बसला होता आणि मंत्री त्याच्या पाठीवर थाप मारत होते. त्यांचा मास्क हनुवटीखाली होता.

"वाचवलंस गड्या आज," मंत्री म्हणाले. "सचिवाने सकाळपासून डोकं खाल्लं होतं माझं. जागा विचारली तर सांगावी लागेल म्हणून. आणि तू विचारतोस काय, तर सायकल."

आणि दादा हसला. मनापासून नव्हे, नुसता सवयीने, मोठ्या माणसाने पाठीवर थाप दिली की हसतात तसा. पण हसला. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मग त्याने मान वळवली आणि दारात आम्ही दिसलो.

बाई पुढे झाल्या. टेबलापासून थोड्या लांबच थांबल्या, साथीत लागलेल्या सवयीने. "म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे," त्या मंत्र्यांना म्हणाल्या.

मंत्री उठून उभे राहिले. मास्क वर ओढला. "आपण कोण?"

"मी ती शिक्षिका."

मंत्र्यांनी दादाकडे पाहिलं, दादाने चहाच्या कपाकडे. "हे बघा बाई," मंत्री म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर मऊ झाला, ते मला कबूल करावं लागेल. "एका घरचं सांगितलं की हजार घरं दारात येतील. असं चहाच्या टेबलावर मला नाही सांगता येत. रीतसर प्रश्न येऊ द्या, मी उत्तर देईन."

"आला होता ना," बाई म्हणाल्या.

कुणीतरी मंत्र्यांना हाक मारली, नमस्कार करून ते निघून गेले. हाक आली नसती तरी ते गेलेच असते.

दादा उठला. एवढा उंच माणूस, पण खुर्चीची पाठ धरून उभा होता. "बाई, मी सहा महिन्यांनी पुन्हा..."

"गप बस, दादा," मी म्हटलं. माझा आवाज चढला, आजूबाजूच्या टेबलांवरच्यांनी वळून पाहिलं. "एक वाक्य होतं. शाळेतल्या पोरानेही पाठ म्हटलं असतं. तुला टाळी हवी होती, मिळाली. आता घरी चल."

तो मुकाट्याने चालायला लागला. गाडी त्यानेच चालवली. खिशातला फोन सारखा वाजत होता. भाषणाचा तुकडा एव्हाना सगळीकडे फिरला होता, कौतुक करणाऱ्यांची रांग लागली असणार. त्याने फोन काढला नाही आणि बंदही केला नाही. मला त्याचा इतका राग आला होता की मी दाराकडे अंग करून बसले होते. आणि त्या रागाखाली माझी लाज होती, कारण बाकं वाजत होती तेव्हा मीही हसले होते.

बाईंच्या घरासमोर गाडी थांबली. दादा उतरून त्यांचं दार उघडायला गेला, पण त्या उतरेनात. मी मागे वळले. त्यांनी मास्क काढून हातात घेतला होता. सबंध दिवसात पहिल्यांदा त्यांचा पूर्ण चेहरा दिसला. तो रागाने भरलेला असेल असं मला वाटलं होतं. तसा तो नव्हता, वर्गात चूक सापडलेल्या मुलासारखा पडलेला होता.

"त्याला बोलू नकोस गं," त्या मला म्हणाल्या.

"का नको बोलू? त्याने तुमचं..."

"नको. ती सायकल जागची हलत नाही, असं तो म्हणाला ना..." त्या थांबल्या. दार धरून दादा वाकून ऐकत होता. "तेव्हा मीसुद्धा हसले. पोट धरून हसले, मास्कच्या आत. हे गेल्यापासून पहिल्यांदा. यांच्याबद्दल चाललं होतं, आणि मी हसत होते."