लाल दोऱ्याचं शिंकं

वसंतातला नवरोझचा सण तोंडावर आला तेव्हा मी खरबुजांची कोठी उघडली. लव्हाळ्याची शिंकी आढ्याला रिकामी लोंबत होती. ते ठीकच होतं. माझ्या बायकोच्या, ओयजमालच्या, मातीला आलेल्यांना खरबुजंच कापून वाढली होती. पण लाल दोरा बांधलेलं शिंकंही रिकामं होतं. त्यातलं खरबूज बियाण्याचं होतं.

आमच्या ख्वारझममध्ये जे खरबूज हिवाळाभर टिकतं त्याचंच बी धरतात. ओयजमाल आधी चाखायची, मगच बी धुवायची. पेरून उरलेलं चुलीत टाकायची. माझ्या थोरल्या भावाच्या, मातकरीम आकाच्या, हाती एक दाणाही लागू नये म्हणून. बापाचं घर आमच्यात धाकट्याला मिळतं. घराबरोबर कोठी आणि बी माझ्याकडे आलं, आका पाटापलीकडे कापूस लावत राहिला. बाजारात आमच्यापुढे रांग लागली की तोंड फिरवून जायचा.

मयताच्या घरात मात्र नवरा कशाला हात लावत नाही, थोरला भाऊ कारभार बघतो. कोठीची किल्ली मीच त्याला दिली होती.

मी पाट ओलांडून गेलो. आका अंगणात चहा पीत होता.

"आका, लाल दोऱ्याचं खरबूज कुठंय?"

"लोकांनी खाल्लं. मयताच्या घरी दोरे बघून वाढायचं का?"

"आणि बी?"

"बी कुणी खातं का?" त्यानं पेला माझ्याकडे सरकवला. "बस, चहा घे."

"ते तिचं होतं."

"ते बापाचं होतं, धाकट्या. तुझ्या बायकोनं इतकी वर्षं जाळलं. मी पेरणार आहे. आता चोर कोण ते तूच सांग."

वहिनी दारातून म्हणाली, "मागितलं असतं तर दिलं असतं का तिनं? मला दिवस गेले होते तेव्हा एक फोड मागितली होती. बिया पुसून दिली."

दिलं नसतं, हे मलाही ठाऊक होतं. चहा तसाच ठेवून मी उठलो.

त्या वर्षी मी ज्वारी पेरली. पलीकडे आकाचे वेल पसरले, आणि हंगामात रांग त्याच्यापुढे लागली.

"हे ओयजमालचंच ना?" गिऱ्हाइकं विचारत.

"आमच्या घरचं आहे," आका सांगे.

हिवाळ्याआधी त्यानं मला एक खरबूज पाठवलं. परत धाडणार होतो, पण सालीच्या जाळीवरून बोट फिरवलं आणि कळलं, तेच आहे. लाल दोऱ्याच्या शिंक्यात टांगून ठेवलं. बी हवं तर कापायला हवं. कापलं की चाखायला हवं, आणि मग कसं निघालं ते आकाला सांगायला हवं.

पुन्हा नवरोझ आला. खरबूज देठाशी मऊ पडू लागलंय. आका रोज पाटापलीकडून विचारतो, "काय रे, गोड निघालं का?"

मी ते अजून कापलेलं नाही.