आयएनजी लागला की काम चालू

दहावा धडा तुम्ही गाळलात. आधी ते कबूल करा, मग त्या माणसाला दिलेल्या नोटिशीबद्दल बोलू.

कारखान्यातलं तक्रारींचं रजिस्टर इंग्रजीतच लिहायचं, हा हुकूम तुमचा. त्यासाठी पुस्तिका छापलीत, तीही तुम्हीच. नऊ धडे. नवव्यात चालू वर्तमानकाळ, आणि त्यापुढे थेट मागचं कव्हर, त्यावर तुमच्याच कारखान्याचा रंगीत फोटो.

तो माणूस म्हणजे धुलाई कारखान्याचा बॉयलरवाला. एकवीस वर्षं वाफ सांभाळलेला. उकळता चहासुद्धा न फुंकता घशात ओततो, म्हणून सगळे त्याला गमतीने 'फुंकर' म्हणतात. त्याच्या खोलीतून वाफेचा मोठा पाइप भिंतीपलीकडे धुलाईखान्यात जातो. तिथे पाइपाच्या दुसऱ्या जोडाखाली, सहा नंबरच्या मशीनवर, त्याची बायको इस्पितळांच्या चादरी काढते. तो जोड गळायला लागला होता.

फुंकरने रजिस्टरात लिहिलं, 'जॉइंट लीक्स.' ऑफिसचा शेरा आला, 'नोटेड.' आठवड्याने पुन्हा लिहिलं. पुन्हा 'नोटेड.'

जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात इंग्रजीचा वर्ग भरायचा. शिकवायला येणारी मुलगी त्याच्या धाकट्या लेकीच्या वयाची. त्याचं वाक्य वाचून तिने कपाळाला हात लावला.

"काका, 'लीक्स' म्हणजे गळतो. सवयच आहे त्याला, असा अर्थ झाला. कावळा ओरडतो, जॉइंट गळतो."

"मग आत्ता, या घडीला गळतोय, हे कसं सांगू?"

"इज लावायचं, आणि क्रियापदाला आयएनजी. जॉइंट इज लीकिंग. आयएनजी लागला की काम चालू, डोळ्यांदेखत!"

सोमवारी सकाळी त्याने कोरून कोरून लिहिलं, 'जॉइंट इज लीकिंग. माय वाइफ इज स्टँडिंग अंडर इट.' दुपारी उत्तर हजर. 'वी आर सेंडिंग अ मॅन.'

कुणाला न विचारता त्याने ते वाचलं आणि तडक नळावर हात धुणाऱ्या बायकोला गाठलं.

"माणूस निघालाय."

"कुठून?"

"ते लिहिलं नाही. पण निघालाय. आर सेंडिंग. पाठवणं चालू आहे."

"मग चालतच येतोय वाटतं. तुम्ही नाही का, 'आलोच' म्हणता आणि तासाभराने उगवता!"

"ती आपली बोली गं. आपल्यात 'आलोच' म्हणणाऱ्याच्या पायात अजून चप्पलही नसते. इंग्रजीत असली लबाडी चालत नाही. आयएनजी आहे तिथे."

ती हसली, पण डोक्यावरचा ओला टॉवेल तिने नीट घट्ट बांधला.

'लेखी हुकमाशिवाय वाफ तोडू नये', ही पाटी बॉयलरवर तुम्हीच ठोकलीत. आणि माणूस वाटेत असताना वाफ तोडायची तरी कशाला? फुंकरने नटबोल्टचे पाने काढून ठेवले, जोडात बसवायचं नवं पॅकिंग कापून ठेवलं, येणाऱ्यासाठी दाराशी स्टूलही ठेवलं. मंगळवारी स्टूल रिकामं. बुधवारीही रिकामं. सोमवारी जोडातून सुईत दोरा ओवावा इतकी बारीक सुरसुर येत होती. बुधवारी संध्याकाळी तिचा आवाज जाड कापड फाडल्यासारखा झाला. सहा नंबरच्या शेजारणी ओरडून बोलू लागल्या.

गुरुवारी वर्गात तो डबा न उघडता बसला. "मॅडम, सेंडिंग म्हणजे या घडीला ना? मग चौथा दिवस कसा?"

मुलीने पिशवीतून पुस्तिकेचं मूळ जाडजूड पुस्तक काढलं आणि दहावा धडा उघडला.

"काका, नुसत्या ठरवून ठेवलेल्या गोष्टीलाही हेच रूप लावतात. पुढच्या महिन्यात जायचं असलं तरी 'आय ॲम गोइंग'."

"म्हणजे माणूस निघालेला नाही?"

"ठरला असेल. नसेलही."

"आमच्या पुस्तकात का नाही हे?"

"नऊच धडे मंजूर झाले, काका."

तो उठला. बॉयलरच्या खोलीत गेला आणि वाफेचं चाक दोन्ही हातांनी बंद केलं. मशीनं एकेक करून थांबली. बायकांना त्याने हाका मारून अंगणात काढलं, आपल्या बायकोला दंडाला धरून. मग रजिस्टरात लिहिलं, 'आय ॲम क्लोजिंग द स्टीम. व्हेअर इज द मॅन?'

माणूस आला. पाच मिनिटांत आला! ऑफिसपासून बॉयलरपर्यंत पाचच मिनिटं लागतात, हे एकवीस वर्षांत त्याला पहिल्यांदा कळलं. पण त्या माणसाच्या हातात पाना नव्हता, कागद होता. हुकमाशिवाय वाफ तोडली, म्हणून फुंकर फाटकाबाहेर. मग ऑफिसच्या माणसांनी जोडावर ओलं गोणपाट गुंडाळलं, वर तार आवळली, आणि चाक पुन्हा उघडलं.

"तू तरी जाऊ नकोस," शुक्रवारी सकाळी तो बायकोला म्हणाला.

"दोघंही घरी बसलो तर चूल कशावर पेटायची? जरा बाजूला सरकून उभी राहीन."

सहा नंबरला बाजूला सरकायला जागा नाही. हे त्याला माहीत आहे, तिलाही, आणि तुम्हालाही.

तेव्हापासून तो फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे उभा आहे. कापड फाटल्याचा आवाज आता भिंत ओलांडून त्याच्यापर्यंत येतो. मधेच थांबतो. थांबला की तो श्वास धरतो, पुन्हा सुरू झाला की सोडतो.

रजिस्टर तुमच्या टेबलावर आहे. त्याच्या प्रश्नाखालची ओळ कोरी आहे. त्याची बायको आत उभी आहे, जोड तिच्या डोक्यावर आहे, आणि तुमचा माणूस कुठवर आलाय? उत्तर लिहा. आणि त्यात आयएनजी नको.