वडिलांनी सैल केलेला क्लच

शनिवारी दुपारी वडील गच्चीवर लेकीची सायकल उलटी करून बसले होते. गिअर टाकताना अंगठ्याला फार जोर लागतो, अशी तिची कुरकुर होती. मागच्या चाकाशी जो लोखंडी हात लोंबतो आणि चेन ताणून धरतो, त्याच्या पोटात एक छोटा क्लच असतो. खडबडीत उतारावर तो हात हिंदकळून चेन पडू नये म्हणून. क्लच जितका घट्ट, तितका गिअर जड. वडिलांनी झाकण उघडून आतला स्क्रू सैल केला, गिअर टाकून पाहिला, आणखी सैल केला.

"लोण्यासारखा झाला बघ," ते म्हणाले.

"दादा, हात धुतल्याशिवाय टॉवेलाला हात लावशील तर बघ!" दारातून आत्या ओरडली. आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण, निवृत्त नर्स. घरात ही तिघंच.

"पांढरे टॉवेल आणतेस कशाला मग?" म्हणत वडील उठले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले.

माणसं येऊन गेली, फोन थांबले, ती कामावर जाऊ लागली. मग एका सकाळी आत्यानं सायकली बाहेर काढल्या. टेकडीवर पूर्वी तिघं जायची, आता दोघी निघाल्या. पहिल्याच उतारावर झाडांच्या मुळांवरून तिच्या सायकलचं चाक उड्या मारत गेलं, चेन खाडखाड आपटली आणि पुढच्या दातेरी चक्रावरून उतरून बसली.

तिनं चेन धुतली. नवी टाकली. लांबी मोजली, मागचा हात वाकलाय का ते पाहिलं, पुढचं चक्रही बदललं. चेन पडायची ती पडतच राहिली.

"चेन आहे की रुसलेली सून?" आत्या म्हणाली. "दर वळणावर समजूत घालायची!"

पुढच्या खेपेला चेन पडली तेव्हा तिचा पाय हवेत फिरला आणि ती दगडांवर आपटली. गुडघा चांगलाच सोलवटला. घरी आल्यावर आत्यानं जखम पुसली, मग सायकल उभी धरून तो लोंबता हात बोटानं पुढे ढकलला. अडायला हवा होता, पण पडद्यासारखा सरकला.

"क्लच. तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं ना?"

"हो."

"मग बाकी सगळी सायकल का सोलत बसलीस?"

"बाबांनी शेवटचं हेच काम केलं, आत्या. त्यांच्या हातचं तेवढंच तसंच्या तसं राहिलंय."

आत्या कापसाचे बोळे गोळा करत राहिली.

"त्याचा चष्मा ठेवू, चपला ठेवू," ती शेवटी म्हणाली, "तो भयाण स्वेटरसुद्धा ठेवू. पण भाचीला दगडांतून उचलायचं काम मला नको. ही सायकल दुकानात तरी टाक, नाहीतर टेकडी विसर."

"दुकानात नाही." कुणी परका माणूस शीळ घालत तो स्क्रू फिरवतोय, हे तिला नुसतं मनात आणूनही सहन होईना.

"मग तू कर. दादाला तोंडावर चुकलास म्हणायची माझी कधी टाप नव्हती. तुझी तर नव्हतीच नव्हती."

ती सायकल घेऊन गच्चीवर गेली. झाकण उघडलं. किल्ली स्क्रूवर बसवून जरा वेळ तशीच थांबली, मग फिरवली. तो लोंबता हात ढकलून पाहिला, अजून सैल. आणखी फिरवली. आता तो बोटाला अडू लागला. गिअर टाकला तर अंगठा दुखला, पण गिअर नीट पडला. सायकल उचलून तिनं दोनदा जमिनीवर आपटली. चेन चक्रावरच होती.

झाकण लावून ती उभी राहिली. खाली आत्या नळ सोडून काहीतरी घासत होती.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "तुमचं चुकलं होतं. फार सैल झालं होतं. मी घट्ट केलंय."