सावित्रीबाईंचा पाय घसरला नव्हता

मित्रांनो, माझे तीन पाय सागाचे आहेत आणि चौथा बाभळीचा. मी नाशिकच्या पेठ रोडवरच्या एका लहानशा चर्चमधला जुना बाक आहे. हा चौथा पाय वेगळा का, ते आज तुम्हाला सांगतो.

पेठच्या मंगळू सुताराने मला घडवले. चाळीस वर्षे मी पहिल्या रांगेत होतो. लग्नात नवरा-नवरी माझ्यावर बसत. कुणी वारले की घरची माणसे माझी कड धरून रडत. दर शनिवारी सावित्रीबाई नावाच्या बाई मला पुसत. नाताळात लोक माझ्यावरून हात फिरवून म्हणत, "काय गुळगुळीत झालाय!" तेव्हा मला फार बरे वाटे.

मग आमचे म्हातारे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वारले. त्यांचा मुलगा ज्ञानेश यालाच पाळक करा, असे अर्धी मंडळी म्हणू लागली. बाकीचे चर्चचे सेक्रेटरी भिमाजी यांच्या बाजूचे. त्यांना बाहेरचा पाळक हवा होता. दोन महिने कुणी कुणाला नमस्कार केला नाही.

जूनमधल्या एका रविवारी उपासना संपली आणि ज्ञानेश सरळ उपदेशपीठावर चढला. भिमाजींनी त्याला गळपट्टी धरून खाली ओढले. त्याचा ओठ पायरीवर फुटला. क्षणात गीतांची पुस्तके उडू लागली, खुर्च्या उडू लागल्या. ज्ञानेशचा मेहुणा दिनेश माझ्याकडे धावला. त्याने मला उलटे पाडले, पाठीवर पाय रोवला आणि माझा पाय पिळला. तिसऱ्या हिसक्याला तो कडकडून निघाला.

दिनेशने तो भिमाजींवर उगारला. सावित्रीबाई मध्ये शिरल्या. "आरं, देवाचं घर हाय हे!"

घाव त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला. मित्रांनो, तो आवाज मला अजून विसरता येत नाही. ज्या बाईने मला आयुष्यभर पुसले, तिला माझ्याच लाकडाने पाडले. तिचे रक्त फरशीवरून वाहत माझ्यापर्यंत आले.

त्यांना दवाखान्यात नेल्यावर भिमाजी, ज्ञानेश आणि दिनेश फरशी धुवायला परत आले.

"पाय घसरून पायरीवर पडल्या, असंच सांगायचं," भिमाजी म्हणाले. "नाहीतर चर्चची अब्रू जाईल."

ज्ञानेशने मान डोलावली. दिनेश माझा तुटलेला पाय पोत्यात घालून घेऊन गेला. दोन महिन्यांत त्या माणसांचे पहिल्यांदाच एकमत झाले होते, आणि तेही खोट्यावर.

सावित्रीबाईंचा डोळा गेला. मला मागच्या भिंतीशी टेकवून ठेवले. माझ्यावर धूळ साचली.

पावसाळा सरता सरता आशाबाई आल्या. त्या हंगामी पाळक होत्या, म्हणजे नवा पाळक मिळेपर्यंतच्या. साठीच्या, किरकोळ बांध्याच्या, मनमाडकडच्या. आल्या आल्या त्यांनी सावित्रीबाईंचा गेलेला डोळा पाहिला आणि माझ्या तुटक्या पायाची खाचही. भिमाजींनी पहिल्याच बैठकीत नवा पाळक पाठवा, असे वरच्या कार्यालयाला लिहिलेले पत्र त्यांच्यापुढे सहीला ठेवले.

"सही करते," त्या म्हणाल्या. "पण आधी सांगा, या बाकाचा पाय कुठे आहे?"

भिमाजींनी पेन त्यांच्यापुढे सरकवले.

"मग पत्र थांबेल. नव्या माणसाला मी या खोट्यात आणून बसवणार नाही."

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या खोलीच्या काचा फुटल्या. मग कुणीतरी त्यांच्या स्कूटरची सीट फाडली. त्या तरीही गेल्या नाहीत. रोज एका घरी जात आणि तोच प्रश्न विचारत.

एका दुपारी दिनेश कुऱ्हाड घेऊन आला. मला फोडून जाळायचे, म्हणजे प्रश्नच संपला! पहिला घाव माझ्या पाठीत घुसला. दुसऱ्याने फळी चिरली. आवाज ऐकून आशाबाई धावत आल्या आणि माझ्या उरल्यासुरल्या फळीवर बसल्या.

"बाजूला व्हा, बाई! माझं डोकं फिरलंय."

"माहीत आहे. तेव्हाही फिरलं होतं."

कुऱ्हाड वरच थांबली. आशाबाईंच्या कपाळावर घाम आला होता, पण त्या हलल्या नाहीत. शेवटी कुऱ्हाड खणकन फरशीवर पडली आणि दिनेश मटकन खाली बसला.

"मला भिमाजीला मारायचं होतं," तो हुंदके देत म्हणाला. "सावित्रीमावशी मधी आली. रोज तिचा डोळा दिसतो मला."

"हे मला नको सांगूस. त्यांना सांग."

रविवारी त्याने सगळ्यांसमोर सांगितले. ज्ञानेश आणि भिमाजीही उठले आणि आम्ही खोटे बोललो, असे म्हणाले. मग सावित्रीबाई उठल्या.

"माफ करीन का नाय, ते आज सांगता येत नाय," त्या म्हणाल्या. "पण माझा पाय घसरला नव्हता. एवढं लिहून ठेवा."

दुसऱ्या दिवशी दिनेश स्वतः माझा तुटलेला पाय घेऊन पोलीस चौकीत गेला. खटला अजून चालू आहे. आशाबाईंनी पत्रावर सही केली आणि माझी चिरलेली फळी सांधून मला बाभळीचा पाय बसवून घेतला. नवा पाळक आला त्या आठवड्यात त्या गेल्या. लोकांनी राहण्याचा आग्रह केला, तेव्हा म्हणाल्या, "हंगामी माणसानं मुक्काम वाढवू नये."

मित्रांनो, लाकडाला राग नसतो. तुम्ही त्याला धराल तसे ते होते. म्हणून रागात हाताशी येईल ते उचलू नका. आणि कुणाला लागलेच, तर फरशी धुण्याआधी खरे बोला.

परवाच्या रविवारी दिनेश उशिरा आला. कुठेच जागा नव्हती. माझ्यावर बसलेल्या सावित्रीबाईंनी त्याच्याकडे पाहिले नाही. त्यांनी फक्त शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.